क्रियापदावरून ओळख

९ जानेवारी

ताई,

'तीर्थरूप' लिहायला घेतलं होतं. पण तू रागावलेली असताना तुला तीर्थ मानून त्यात उतरायचं म्हणजे अंग भाजून घ्यायचं. तेव्हा नुसतं ताई. नमस्कार पोचला असं धरून चाल.

पाकीट पाहून दचकली असशील. हल्ली पत्रं फक्त वकिलांची येतात. मी वकील केलेला नाही. आमचा फोन बिघडला आहे, एवढंच. वाजतो व्यवस्थित, समोरच्याचं ऐकूही येतं, पण माझा आवाज काही पलीकडे जात नाही. दुरुस्त होईपर्यंत पत्र लिहावं म्हटलं. अक्षर तुला ओळखता येईल. ते तरी अजून तसंच आहे.

शाळेत या आठवड्यात विसर्ग शिकवला. शब्दाच्या शेवटी दोन ठिपके. त्याला स्वतःचा स्वर नसतो, आधीच्या अक्षराचाच स्वर उसना घेऊन तो उमटतो, असं सांगितलं. पहिल्या बाकावरची एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, "म्हणजे बाई, तो नक्कल करतो?" मी म्हटलं, "हो गं, धाकट्या बहिणीसारखी." वर्ग हसला. मला मात्र बाबांची आठवण झाली. तू सगळ्यांच्या डोक्यावर बसायचीस म्हणून तू अनुस्वार, आणि मी तुझ्या मागे-मागे म्हणून विसर्ग. एवढ्या विनोदावर त्यांनी आपलं अख्खं बालपण काढलं.

आपल्या दोघींचा आवाजही असा एक की आई आतून विचारायची, "कोण ते?" आणि आपण दोघी म्हणायचो, "मी!" तिला एकच मी ऐकू यायची.

बाबांचं लाल पेन तुझ्याकडेच आहे ना? आपण सहलीहून पाठवलेलं पत्र ते लाल शाईने तपासून आपल्यालाच परत पाठवायचे. उत्तर म्हणून तेवढंच. खुशाली नाही, आशीर्वाद नाही. चुकलेल्या वेलांटीवर लाल रेघ. आईला ते निर्दयपणाचं वाटायचं. आपल्याला कळायचं की त्यांनी प्रत्येक अक्षर वाचलंय.

त्या गोष्टीबद्दल या पत्रात लिहायचं नाही, असं ठरवलं होतं. ठरवलेलं मोडायला दुसरं पान उजाडलं, म्हणजे माझ्यात सुधारणा आहे. शेवटी-शेवटी आईला दिसत नव्हतं. "थोरली आली का?" एवढंच ती विचारायची, आणि तू अजून वाटेत होतीस. मी तिचा हात धरून म्हटलं, "आले गं आई." आवाज एकच, तिने मान हलवली आणि डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी तू पोचलीस तेव्हा कुणीतरी तुला सांगितलं की आई थोरलीशी बोलून शांतपणे गेली. तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "मी यायच्या आधीच तू मला आणून मोकळी झालीस." त्यानंतर तू बोललेली नाहीस.

माफी मागायला हे पत्र नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तेच करीन, असं लिहिणार होते. पण आता करता येणार नाही. ते जाऊ दे.

आजच का लिहिते आहे? परवा तुझा आवाज ऐकल्यासारखा वाटला. कुठे, ते विचारू नकोस.

तुझी (व्याकरणाने तुझा)
विसर्ग


२ फेब्रुवारी

ताई,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. रोज दाराशी जाऊन पेटीत हात घालते तो केवळ व्यायाम म्हणून.

आमच्या घरी एक चोरी उघडकीला आली आहे. तुझे मेहुणे अजून चष्म्याचं दुकान चालवतात, आणि आठवड्यातून तीनदा दाढी करतात. गेल्या महिन्यात सकाळी ते न्हाणीघरातून म्हणाले, "हल्लीची ब्लेडं फार लवकर बोथट होतात. पोलाद वाईट यायला लागलंय."

मी पेपरात तोंड घालून म्हटलं, "सगळंच वाईट यायला लागलंय."

दोन दिवसांनी पाहते तर आरशाखालच्या पेल्यात दोन रेझर. एक त्यांचा जुना निळा, शेजारी नवा कोरा लाल. एक शब्द बोलले नाहीत. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने मला दिलेली एवढी नाजूक भेट दुसरी आठवत नाही.

तर ताई, मला दाढी येते.

हसून घे, मग पुढे वाच. आपल्या भाषेत दाढी स्त्रीलिंगी आणि मिशीही स्त्रीलिंगी, तेव्हा तक्रार कुठल्या तोंडाने करायची? कल्ले पुल्लिंगी, पण ते अजून आलेले नाहीत. आणि संस्कृताला विचारशील तर तिथे बायकोला भार्या म्हणावं तर स्त्रीलिंग, दाराः म्हणावं तर पुल्लिंग, वर कायम अनेकवचन, आणि कलत्रम् म्हणावं तर चक्क नपुंसकलिंग. घरात नक्की कोण वावरतंय याचा त्या काळच्या नवऱ्यांनाही पत्ता नव्हता, असं दिसतं.

मी यांना शेवटी विचारलं, "तुम्हाला दिसत होतं ना?"

"दिवसभर दुकानात लोकांना दिसावं म्हणून धडपडतो," ते म्हणाले. "घरी आल्यावर थोडी सूट नको का?"

कोपऱ्यावरचे आपले जुने डॉक्टर म्हणाले, "वय झालं की हनुवटीवर एखाद-दुसरा यायचाच, आजीबाई." हे माझ्याच वयाचे. मी म्हटलं, एखाद-दुसरा नाही, पीक आहे. त्यांनी ऐकल्यासारखं केलं आणि कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या. त्यामुळे सध्या सकाळी खिडकीशी आरसा, चिमटा आणि मी. डोक्यावरचे केस भराभर विरळ होतायत. ते जाऊन-जाऊन कुठे जातात, ते तेवढं कळलं.

तू असतीस तर चिमटा हिसकावून घेतला असतास. "इकडे कर तोंड, हलू नकोस," म्हणाली असतीस आणि दुखेल असाच ओढला असतास. आश्चर्य म्हणजे मला तेच हवंसं वाटतंय.

फोन अजून बिघडलेलाच आहे. सर्दीही आहे.

तुझी
विसर्ग


२४ फेब्रुवारी

ताई,

सर्दी नाही.

सांगते. आठवीत 'देव' शब्द चालवताना षष्ठीला येऊन दर वेळी रडणारी माझी एक विद्यार्थिनी होती. ती आता हॉर्मोनची डॉक्टर झाली आहे. षष्ठी वगळता सगळं जमलं पोरीला. यांच्या दुकानात ती वाचायचा चष्मा घ्यायला आली आणि नेमकी मी तिथे. ती नमस्काराला वाकली. मी म्हटलं, "कशी आहेस गं?" ती वाकलेली तशीच थांबली. मग सावकाश उभी राहिली आणि माझ्या चेहऱ्याकडे न बघता गळ्याकडे बघत म्हणाली, "बाई, हा आवाज कधीपासून?"

"शाळेत ओरडून-ओरडून."

"ओरडून घसा बसतो, बाई. खाली उतरत नाही. उद्या सकाळी या. उपाशी पोटी."

शाळेबाहेर मला अजून 'बाई' म्हणणारी ती आता एकटीच उरली आहे, म्हणून गेले.

तिने सगळं विचारलं. पाळी थांबून किती काळ झाला, केस कुठे-कुठे, कपाळाच्या कडेचे कधी गेले. कुठल्या गोळ्या, मलमं, शक्तीची औषधं घेते का, तेही. आणि एक प्रश्न तिने तीनदा विचारला, "हळूहळू की भराभर?" मी म्हटलं, मागच्या वर्षी शाळा सुरू झाली तेव्हा मी बाई होते, सहामाहीला घोगरी झाले, आता प्रार्थनेत मुलांच्या रांगेत उभी राहिले तर खपून जाईन.

ती हसली नाही. "वयाने येणारे केस वर्षानुवर्षं रेंगाळत येतात," ती म्हणाली. "पाळी जाऊन इतका काळ लोटल्यावर वर्षभरात दाढी, टक्कल आणि आवाज तिन्ही आले, तर ते वय नाही. आत कुणीतरी पुरुषांचा हॉर्मोन तयार करतंय. तो कोण, ते शोधायचं."

"गाठ?"

"बहुतेक. लहान असेल. साधी असू शकते, वाईटही असू शकते. आत्ता मला माहीत नाही." ही तिची खासियत, येत नसलं की सरळ सांगायची. षष्ठीलाही तसंच.

रक्ताचा अहवाल आला. टेस्टोस्टेरॉन बायकांच्या पट्टीत मावेना, ते जाऊन पुरुषांच्या पट्टीत बसलं. यांनी तो कागद चष्मा वर करून वाचला, आपलंही एकदा तपासून घ्यावं म्हणाले आणि थोडा विचार करून बेत रद्द केला.

आता फोनचं. फोन कधीच बिघडला नव्हता. माझा आवाज पलीकडे जात नाही हे खरं आहे. जातो तो दुसऱ्याच कुणाचा तरी. बँकेतून मुलगी फोन करते, "सर, आपल्या मिसेसना देता का?" मी म्हणते, "मीच बोलतेय." ती म्हणते, "सर, प्लीज, मस्करी नको." दोन-चारदा झाल्यावर मी शहाणी झाले. "हो, देतो हं," म्हणते, रिसीव्हर टेबलावर ठेवते, पाणी पिऊन येते आणि सांगते, "ती झोपली आहे. मी सांगतो तिला." देतो, सांगतो, बघतो. सरावाने जीभ वळायला लागली. बरं, सर म्हणून लोक किती अदबीने बोलतात! बाई म्हणून एवढी वर्षं फुकट घालवली असं वाटावं.

मग जानेवारीत एका संध्याकाळी फोन वाजला. मी उचलून म्हटलं, "हॅलो."

पलीकडून माझा आवाज आला. माझा, जुना, जसाच्या तसा.

"मी... धाकटी आहे का घरी?" तू म्हणालीस.

ताई, मी काय करायचं होतं? 'मीच' म्हटलं असतं तर तू मस्करी समजली असतीस. आणि मी ऐकतच राहिले होते. इतक्या दिवसांनी तो आवाज कानावर पडला, आणि तो कुणाचा म्हणून जास्त आनंद झाला ते मला अजून सांगता येत नाही. तू पुन्हा म्हणालीस, "हॅलो? चुकीचा नंबर लागला का?"

मी म्हटलं, "हो."

"माफ करा हं, काका," म्हणालीस आणि ठेवलास.

काका!

तुझी
विसर्ग


१८ मार्च

ताई,

तपासाचा वृत्तान्त.

मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. पहिला संशय त्यांच्यावर, कारण तिथली गाठ वाईट निघायची भीती जास्त. म्हणजे शरीरातला अनुस्वारच. रक्ताच्या दुसऱ्या चाचण्या झाल्या, यंत्राच्या बोगद्यात घालून पोटाची चित्रं काढली. त्या ग्रंथी स्वच्छ निघाल्या, त्यांचे हॉर्मोनही बेताचे. अनुस्वार निर्दोष सुटला. डोक्यावर बसणारे नेहमीच सुटतात.

उरले दोन अंडाशय. आजूबाजूला दोन ठिपके. विसर्ग!

पण तिथेही चित्रात काही नाही. सोनोग्राफी करणारा म्हणाला, "छान आहेत, वयाला साजेसे सुकलेले." असं प्रशस्तिपत्रक मला आजवर कुणी दिलं नव्हतं. मी खुशीत माझ्या विद्यार्थिनीकडे गेले. म्हटलं, "गाठ नाही. सुटले."

"दिसली नाही, बाई," ती म्हणाली. "नाही असं कुठे लिहिलंय? या गाठी कधी वाटाण्याएवढ्या असतात, चित्रात सापडत नाहीत. पण रक्तात एवढा हॉर्मोन आहे, तो वरच्या ग्रंथींतून येत नाही, तुम्ही बाहेरून घेत नाही. मग येतो कुठून?"

ही पद्धत माझीच. डोंगरावर धूर दिसतोय, आग दिसत नाही. तरी आग आहे असं म्हणायचं. बाबांनी आपल्याला जेवताना आमटीच्या वाफेवरून शिकवलं होतं, आठवतं? तू विचारलं होतंस, "आणि धुकं असलं तर?" बाबा इतके खूश झाले की तुला माझा लाडू दिला. तर मी तिला तुझाच प्रश्न विचारला. "आणि धुकं असलं तर?"

ती म्हणाली, "तर अंडाशयात गाठीऐवजी नुसतीच पेशींची वाढ असेल. तीही असं करते. दोन्हींवर उपाय एकच. दोन्ही अंडाशय काढायचे, मग सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. काहीच सापडलं नाही तर मी चुकले. तेही होऊ शकतं."

यांनी विचारलं, "आणि वाईट निघाली तर?"

"तर पुढचं पुढे. पण वाट बघून ती चांगली होणार नाही."

घरी येताना हे दुकानाशी थांबले. कुलूप तीनदा ओढून पाहिलं. संध्याकाळी म्हणाले, "ताईंना कळवलंस का?" मी म्हटलं, पत्रांत सगळं आहे. "मग पत्रात हेही लिही," म्हणाले, "की मला एकट्याला जमेल असं वाटत नाही." लिहिलं.

न दिसणाऱ्या गोष्टीसाठी पोट उघडून द्यायचं, याची मला भीती वाटते. मी अनुमान शिकवलं आहे, त्यावर कधी झोपले नव्हते.

आणखी एक विचारून घेतलं. केस कमी होतील, ती म्हणाली, सावकाश. डोक्यावरचे थोडे परत येतील. आणि आवाज? तिने चष्मा काढून पुसला. "स्वरतंतू एकदा जाड झाले की सहसा पातळ होत नाहीत, बाई. तो असाच राहील असं धरून चाला."

म्हणजे ताई, आपला आवाज आता फक्त तुझ्याकडे आहे. मी त्याची दुसरी प्रत होते, ती गेली. मी पुन्हा कधी कुणाला 'थोरली आले' असं सांगू शकणार नाही. तेवढ्यापुरती तुझी तक्रार मिटली. पण तू कधी जेवता-जेवता स्वतःशी पुटपुटलीस, नळाखाली भांडं धरून गुणगुणलीस, तर जपून. ते माझंही आहे.

शनिवारी ऑपरेशन. उत्तर नाही आलं तरी चालेल, असं इथे लिहिणार होते. नाही चालणार. मी वाट पाहतो.

तुझी
विसर्ग


११ एप्रिल

ताई,

गाठ सापडली. उजव्या अंडाशयाच्या मुळाशी, वाटाण्याएवढी, पिवळट तपकिरी. पोटात उघड्या डोळ्यांना काही दिसलंच नव्हतं. काप करून भिंगाखाली धरल्यावर बाई प्रकट झाल्या. गाठ हा शब्द तरी आपल्याकडे स्त्रीलिंगी आहे; एवढा पुरुषीपणा केला तो एका बाईनेच. साधी निघाली. पसरलेली नाही. रक्तातला हॉर्मोन काही दिवसांत धाडकन खाली आला. माझी विद्यार्थिनी अहवाल घेऊन खाटेशी आली तेव्हा नाचायची तेवढी बाकी होती. मी म्हटलं, "शाब्बास. आता षष्ठी म्हणून दाखव." तिने म्हटली. एकवचन, द्विवचन, अनेकवचन. रडली मात्र तशीच.

आता तुझ्या पाकिटाचं.

ते घरी कधी आलं मला माहीत नाही, कारण तुझ्या मेहुण्यांनी ते लपवून ठेवलं होतं. मी हिंडूफिरू लागल्यावर त्यांनी कपाटातून काढलं आणि माझ्याकडे न बघता पुढे केलं. "तुला आत्ता नको असेल तर राहू दे," म्हणाले. "तुझं पत्र आहे. त्यांनी परत पाठवलंय."

"उघडलंत?"

"वरून चाचपलं. दुसरा कागद नाही. तुझाच आहे तेवढा." मग हळूच, "लोक एवढे कठोर कसे होतात गं?"

मी उघडलं. माझंच, अठरा मार्चचं. चारही पानं. त्यांत एक शब्द तुझा नाही. पहिलं पान तसंच, दुसरं तसंच, तिसरं तसंच. चौथ्या पानावर, अगदी खाली, लाल शाई.

'मी वाट पाहतो.' त्यातल्या 'तो'वर बारीक रेघ, आणि वर बाबांच्या वळणाचा 'ते'.

ताई, मला पत्ताच नव्हता. देतो, सांगतो, बघतो करता-करता हातही तसाच वळला होता. लिहून, घडी घालून, तिकीट लावून मी ते टाकून आले, आणि एवढं व्याकरण शिकवणाऱ्या बाईला आपण कोण झालो ते दिसलं नाही. तुला दिसलं. मी हसायला लागले. टाके दुखायला लागले तरी थांबेना. हे घाबरून विचारत होते, "काय लिहिलंय? काय लिहिलंय त्यांनी?" मी बोट ठेवून दाखवलं. ते चष्मा लावून, काढून, पुन्हा लावून बघत राहिले.

"एवढंच?"

"एवढंच," मी म्हटलं. यांना आपल्या घरची टपाल-पद्धत काय ठाऊक!

तिसऱ्या पानावर माझी एक वेलांटी चुकली आहे, ती तुला दिसली नसेल असं मी मानत नाही. ती तू सोडून दिलीस. बाबांनी सोडली नसती.

ते पत्र मी आरशाशी लावलं आहे, दोन रेझरांच्या वर. लाल रेझर आता क्वचित लागतो. हनुवटीवर यायचे ते रोड झालेत, कंटाळून येतात. आवाज मात्र जिथे उतरला तिथेच बसला आहे. शाळेत मुलांनी नाव ठेवलंय 'बाई-सर'. मला आवडलं, द्वंद्व समास आहे.

एक गाठ सुटली. आपली पडायची आहे. यायचं की नाही ते तुझं तू ठरव, मी आग्रह करणार नाही. पण फोन कर. नंबर तोच आहे, तुला चुकीचा वाटला होता तो.

मीच उचलेन. यांना सांगून ठेवलंय, संध्याकाळी फोनला हात लावायचा नाही. पलीकडून एक काका बोलतील, भारदस्त, जरा घोगरे. दचकशील, माफ करा म्हणायला तोंड उघडशील. ठेवू नकोस. तू विचार, "कोण ते?" आईसारखं.

मी म्हणेन, "मी बोलतेय."

आवाजाकडे लक्ष देऊ नकोस. क्रियापद ऐक.

तुझी,
वाट पाहते
विसर्ग